कागदाच्या चुकीच्या बाजूला

शनिवारी सकाळी साडेसहाला घरून फोन आला की पोटात गोळाच येतो. त्यात आदल्या रात्रीचं रिलीज पहाटे तीनला संपलेलं. अर्धवट झोपेत फोन उचलला, तर आई.

"आरं, तळं फुगलंय."

मला वाटलं 'भरलंय' म्हणतेय. २०२२ च्या जुलैचा शेवट होता, पाऊस चांगला चालू होता. म्हटलं, बरं झालं की मग.

"भरलं न्हाय रे बाबा, फुगलं! मधी म्हशीच्या पाठीवानी वर आलंय. थांब, दावते."

मग व्हिडिओ कॉल. आईचा व्हिडिओ कॉल म्हणजे अर्धा स्क्रीन अंगठा आणि उरलेल्या अर्ध्यात आभाळ. पण मधेच एकदा कॅमेरा नीट फिरला आणि मी ताडकन उठून बसलो. आम्ही दीड महिन्यापूर्वी घरामागे केलेल्या शेततळ्यात, बरोब्बर मधोमध, काळं कुळकुळीत प्लास्टिक पाण्यातून वर आलं होतं. खरंच म्हैस बसल्यासारखं. माझा जवळजवळ अख्खा बोनस त्या म्हशीच्या पोटात होता.

तर मंडळी, थोडं मागे जाऊ.

आमचं घर श्रीगोंदा तालुक्यात, कुकडीच्या डाव्या कालव्याच्या एका चारीखाली. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, कुकडी हा जुन्नर-आंबेगावकडच्या पाच धरणांचा प्रकल्प: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. त्यांचं पाणी येडगावहून डाव्या कालव्याने निघतं आणि जुन्नर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत करमाळ्यापर्यंत जातं. म्हणजे नदीचं पाणी तीन जिल्ह्यांचं राजकारण ओलांडून आमच्या बांधाला लागतं. त्यामुळे आमच्याकडे 'जेवलास का' च्या खालोखाल विचारला जाणारा प्रश्न म्हणजे 'आवर्तन कधी सुटणार'. आवर्तन म्हणजे कालव्याची पाळी. ती कधी सुटते, कधी लांबते, कधी आमच्या चारीपर्यंत येईतो संपते.

या कालव्याने आम्हाला ऊस दिला, लिंबाच्या बागा दिल्या, चुलत्यांना ट्रॅक्टर दिला. पण घरामागच्या पंधरा-वीस गुंठ्यांची मात्र वाट लावली. चारी त्या तुकड्याच्या वरच्या अंगाला आहे आणि तुकडा खोलगट. चारी वाहती असली की पाणी जमिनीतून पाझरून तिथे येतं. पावसाळ्यात आणि आवर्तनात तिथे पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत. जमीन चिबड झालेली, वर पांढरी खारवट साय धरलेली. लव्हाळा सोडला तर काही येत नाही. अण्णांनी एकदा तिथे आठ-दहा लिंबं लावून पाहिली होती. लिंबाला ओले पाय चालत नाहीत, बुंध्याला डिंक सुटून दोन वर्षांत सगळी गेली.

आणि गंमत अशी की हीच जमीन मे महिन्यात ठणठणीत कोरडी. कालवा बंद, विहीर तळाला गेलेली, आणि अलीकडच्या एकरभर बागेतली शंभर लिंबाची झाडं माना टाकून उभी. उन्हाळ्यातच लिंबाला भाव असतो, आणि उन्हाळ्यातच पाणी नसतं. दर मे महिन्यात अण्णा टँकरवाल्याशी घासाघीस करायचे आणि म्हणायचे, "पुढच्या साली काढून टाकतो बाग. ऊस लावतो." पाच-सहा वर्षं मी हे फोनवर ऐकत होतो. २०२२ ला मात्र त्यांनी खरंच झाडं तोडायला माणूस बघून ठेवला, असं आईने हळूच सांगितलं.

मग माझ्यातला इंजिनियर जागा झाला. (तो कंपनीत असताना सहसा झोपलेला असतो.)

गणित सोपं होतं. घरामागची जागा नाहीतरी वाया गेलेली. तिथे १५ मीटर बाय १५ मीटर, ३ मीटर खोल शेततळं घ्यायचं. २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' ही सरकारी योजना आली, तेव्हापासून हे माप गावोगाव सगळ्यांना पाठ आहे. बाजूंना एकास एक उतार धरला तर तळ ९ बाय ९ चा होतो आणि पोटात ४४१ घनमीटर, म्हणजे ४ लाख ४१ हजार लिटर पाणी मावतं. शंभर झाडं, ठिबकने झाडाला रोज ६० लिटर, म्हणजे दिवसाला ६ हजार. सरळ ७३ दिवस! पावसाळ्यात विहीर तुडुंब असते तेव्हा भरायचं, मे महिन्यात वापरायचं. आत प्लास्टिकचं अस्तर टाकायचं म्हणजे पाणी मुरणार नाही. अस्तराला आमच्याकडे 'कागद' म्हणतात. ५०० मायक्रॉनचा कागद, साधारण ४०० चौरस मीटर, ४० हजारांच्या आसपास. पोकलेनचं भाडं वेगळं.

मी एक्सेल शीट करून अण्णांना दाखवली. अण्णांनी चष्मा लावून पाहिली आणि म्हणाले, "ती जागा पान्याची हाय."

"म्हणूनच तर अण्णा, पाण्याच्या जागेत पाणी ठेवायचं."

"तिथं लव्हाळा हाय. लव्हाळा हाय तिथं खालून पानी येतंय."

मी म्हटलं, खणून बघू. मे महिन्यात पोकलेन आणला. दहा फूट खणलं. आत एक थेंब पाणी नाही. भेगाळलेली काळी माती, खाली पिवळसर मुरूम. मी विजयी मुद्रेने अण्णांकडे पाहिलं. अण्णा काहीच बोलले नाहीत. पोकलेनवाला मात्र जाताना म्हणाला, "साहेब, आत्ता सुकंच असणार की." मी त्यालाही हसून चहा पाजला.

आमच्या धंद्यात 'माझ्या मशीनवर तर चालतंय' हे वाक्य म्हणजे शिवी आहे. माझं शेततळं मे महिन्यावर चालत होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात कागद आला. वेल्डिंगचं मशीन घेऊन दोन पोरं आली, पट्टे गरम करून जोडले, वर चारी बाजूंनी चर खणून त्यात कडा गाडल्या. एकूण कागद भरला १८८ किलो. सहा माणसांच्या माना मोडल्या. काय सुंदर दिसत होतं ते! मी त्याचा फोटो लॅपटॉपच्या वॉलपेपरला लावला. आता फक्त विहीर भरली की मोटर चालू करायची.

विहीर भरली. नेमकी तेव्हाच डीपी जळाली. शेतीच्या डीपीचं काय होतं ते ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको आणि ज्यांना माहीत नाही ते सुखी आहेत. तीन आठवडे वीज नाही. मधल्या काळात पाऊस लागला, वरची धरणं भरत आली, कालव्याला जादाचं पाणी सुटलं, चारी दिवसरात्र वाहायला लागली. आणि आमचं तळं रिकामं. पावसाचं साचलेलं हात-दोन हात पाणी, बस्स.

आणि त्या शनिवारी म्हैस वर आली.

पाटस-दौंडमार्गे निघालो. शनिवार म्हणजे काष्टीचा बाजार. रस्त्यावर पिकअपमधून बैल, गाई, शेळ्या, आणि मी पाऊण तास एका खिलार जोडीच्या तोंडाकडे बघत उभा. घरी पोचलो तेव्हा अर्धी वस्ती तळ्याच्या काठावर जमली होती. प्रत्येकाकडे एकेक उपाय. कोणी म्हणे वाळूची पोती टाका. कोणी म्हणे त्यावर पोरं नाचवा, बसेल खाली. तात्यांचं म्हणणं, आत हवा धरलीय, विळ्याने एक चीर द्या, फुस्स होईल.

तात्या अगदीच चुकत नव्हते. खणताना लव्हाळा आणि उसाचं पाचट नीट साफ न करता आम्ही वर कागद अंथरला होता. ते ओलं होऊन कुजलं की वायू धरतो. नंतर खरंच चीर दिली तेव्हा गोबरगॅससारखा वास आला. पण वायू थोडा होता. बाकी सगळं पाणी होतं.

चीर द्यायला अण्णाच उतरले. मी "थांबा" म्हणेपर्यंत चप्पल काढून, विळा घेऊन, उतारावर. दोन पावलं नीट टाकली आणि तिसऱ्याला सर्रकन खाली.

अण्णा पट्टीचे पोहणारे. माझ्यासह गावातल्या निम्म्या पोरांना त्यांनी विहिरीत ढकलून पोहायला शिकवलंय. आणि पाणी तरी किती? फुगा मधे वर आलेला, त्याच्याभोवती कडेने छातीइतकं पाणी. माणूस सहज बाहेर येईल, नाही का? नाही येत. ओल्या कागदावर पाय ठरत नाही. उतार चौदा फूट लांब, गुळगुळीत, त्यावर पावसाच्या पाण्याची बारीक बुळबुळीत शेवाळी. अण्णा गुडघ्यावर, कोपरावर दोन हात वर यायचे आणि परत खाली जायचे. पहिल्या दोन वेळा लोक हसले. तिसऱ्या वेळी कोणी हसलं नाही. चौथ्या वेळी अण्णांचा चेहरा बदललेला मला दिसला. मी काठावर पालथा पडून हात खाली सोडला होता, आणि माझा हात अण्णांच्या हातापासून कमीत कमी आठ फूट लांब होता.

आईने गोठ्यातून चऱ्हाट आणलं. एक टोक कडेच्या कडुलिंबाला बांधून दुसरं खाली फेकलं. अण्णा ते धरून वर आले. दोन मिनिटं बसून राहिले. कोपरं सोलटलेली. मग मला म्हणाले, "आधी दोर बांध. मंग तुझं गनित कर."

दर उन्हाळ्यात पेपरात बातम्या येतात, शेततळ्यात बुडून मुलं गेली. मी त्या वाचून पान उलटायचो. पोहता येत नसेल, असं मनात. पोहता येणं न येणं हा मुद्दाच नाही, हे मला त्या दिवशी कळलं. तुम्ही कोणी शेततळं करणार असाल तर बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल, पण कागद टाकायच्या आधी कुंपणाचा आणि चारी बाजूंच्या गाठी मारलेल्या दोरांचा खर्च धरा. दोराच्या टोकाला टायरची जुनी ट्यूब. माझ्या एक्सेलमध्ये ती ओळ नव्हती.

रात्री ओसरीवर बसून गणित केलं. खरं तर हे गणित मे महिन्यातच करायला हवं होतं, आणि ते अकरावीच्या फिजिक्सचं आहे, त्यामुळे लाज जास्त वाटली.

कागद ५०० मायक्रॉनचा, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाड. एका चौरस मीटरचं वजन जेमतेम ४७० ग्रॅम. आता त्याच चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी उभं केलं तर त्याचं वजन होतं एक किलो. म्हणजे कागदाखालच्या पाण्याची पातळी वरच्या पाण्यापेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त झाली, की कागद उचलला गेला. अर्धा मिलिमीटर! आमच्याकडे काय होतं? विहिरीत पाणी जमिनीपासून दोन फुटांवर आलेलं. म्हणजे आजूबाजूच्या मातीतही साधारण तितकंच. तळ्याचा तळ जमिनीखाली ३ मीटर. म्हणजे रिकाम्या तळाखालून २.४ मीटर पाण्याचा दाब. चौरस मीटरला २४०० किलो. तळ ८१ चौरस मीटर. गुणाकार करून मी दोनदा तपासला: १९४ टन. आणि त्याला दाबून धरायला माझा १८८ किलोचा कागद. तोही पाण्यापेक्षा हलका, नुसता सोडला तर तरंगणारा. वाळूची पोती टाका म्हणणाऱ्यांना मी दुसऱ्या दिवशी विचारलं, किती ट्रक?

रिकामी बादली हौदात दाबून बघा, हाताला कळेल. भरलेली बादली दाबावी लागत नाही. परदेशात पावसाळ्यात पोहण्याचा तलाव साफ करायला म्हणून रिकामा करतात आणि अख्खा काँक्रीटचा हौद जमिनीतून वर उचलला जातो, असे प्रकार होतात. त्यासाठी तिथे तळाला एक झडप बसवतात, बाहेरचा दाब वाढला की ती उघडते आणि पाणी आत घेते. काँक्रीटची ही गत, तर कागदाचं काय घेऊन बसलात.

म्हणजे मी ज्याला 'रिकामं तळं' म्हणत होतो ते रिकामं नव्हतंच. जमिनीने ते खालून भरायला घेतलं होतं. फक्त पाणी कागदाच्या चुकीच्या बाजूला होतं.

हे अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "मंग कागद काढून टाक की. आपआप भरंल." बरोबर आहे. पण मार्च-एप्रिलमध्ये विहिरीबरोबर तेही खाली जाईल, आणि आपल्याला पाणी हवंय मे महिन्यात. कागदाशिवाय ते तळं म्हणजे दुसरी विहीर, उथळ. अण्णांनी मान हलवली. हा एक मुद्दा मात्र माझा बरोबर निघाला. :)

कालव्याखालच्या जमिनीत पाणी वर येणं हा काही आमच्याच नशिबाचा भाग नाही, हेही त्या निमित्ताने वाचलं. नीरा आणि प्रवरेच्या कालव्यांखाली शंभर वर्षांपूर्वीच काळ्या जमिनी पाणथळ आणि खारवट व्हायला लागल्या होत्या. १९१६ साली मुंबई इलाख्याने सिंचनाच्या प्रश्नांसाठी एक खास विभाग काढला. त्याचंच पुढे खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र झालं. सिंहगडावर पिठलं-भाकरी खायला जाताना मी त्या फाटकावरून शेकडो वेळा गेलोय, आणि कधीही, एकदाही, आत काय चालतं याचा विचार केलेला नाही. नंतर पेडगावच्या किल्ल्यालाही एक चक्कर झाली. तिथे भीमेच्या काठावर हत्तीमोटेचं बांधकाम अजून उभं आहे. नदीचं पाणी गडावर चढवायला माणसांनी हत्ती जुंपले. आणि आमच्याकडे पाणी कोणी न बोलावता वर येतंय, ही तक्रार.

असो. त्या पावसाळ्यात करण्यासारखं एकच होतं. चिरा देऊन खालचं पाणी वर येऊ दिलं. दोन्हीकडची पातळी सारखी झाली, म्हैस खाली बसली. चार चिरा, ४० हजारांच्या कागदाला. विळा मीच चालवला, कमरेला दोर बांधून. पण नुसता कागद पंक्चर झाला असता तर चाललं असतं. एकास एक उताराची ओली काळी माती दोन ठिकाणी कागदामागे घसरली आणि पोट सुटल्यासारखी आत आली. सुक्या मातीत उभा राहणारा उतार ओल्या मातीत उभा राहत नाही, हेही पोकलेनवाल्याला माहीत असणार.

२०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तेच तळं परत केलं. यावेळी एक्सेल नंतर, आधी अण्णांबरोबर विहिरीच्या काठावर बसून बोलणं. दर महिन्याला विहिरीत पाणी कुठे असतं हे त्यांनी मला कपारी आणि दगड दाखवून सांगितलं. आषाढात या दगडाला, दिवाळीला त्या कपारीला, संक्रांतीला पायरीखाली, रामनवमीला कोपऱ्यातल्या झऱ्याच्या खाली. मी ते पट्टी लावून मोजलं. माझ्याकडे कुठल्याही सेन्सरचा तीस वर्षांचा डेटा नव्हता, इथे तो फुकट बसला होता.

बदल तीन केले. पहिला, खोली अर्धी जमिनीत आणि अर्धी जमिनीवर. जुना खड्डा मुरूम टाकून, थरावर थर पाणी मारून दाबत, दीड मीटर वर आणला, आणि भोवती दीड मीटर उंच बांध घातला. पाण्याच्या जागेत खाली जायचं नाही, वर जायचं. दुसरा, उतार एकास दीड केला. त्यामुळे तळ ६ बाय ६ झाला आणि पोट ३५१ घनमीटरवर आलं. ९० हजार लिटर गेले. जाऊ देत. तिसरा, तळाखाली आडवे चर घेऊन त्यात गिट्टी, त्यात भोकं पाडलेला पाइप, पाइपाला जाळीचं कापड गुंडाळलेलं, आणि त्याचं तोंड थेट विहिरीत. कागदाखाली जे पाणी येईल ते विहिरीत उतरणार आणि विहिरीतली मोटर तेच पाणी उचलून कागदाच्या वर टाकणार. ही कल्पना आपली म्हणून मी फार खूष होतो. पुण्यातल्या एका सिव्हिलवाल्या मित्राला सांगितली, तर तो म्हणाला, अरे, हे सगळे असंच करतात.

कागद जुनाच वापरला. उतार बदलूनही तो बरोबर पुरला, हा निव्वळ योगायोग. चार चिरांवर चार ठिगळं, गरम हवेने चिकटवलेली. पण त्या सगळ्याच्या आधी कुंपण आणि दोर.

आणि नियम एकच, तो अण्णांनी घातला: मोटर चालू-बंद करायच्या आधी विहिरीत डोकवायचं. तळ्यातलं पाणी विहिरीतल्या पाण्यापेक्षा खाली जाऊ द्यायचं नाही. भर पावसाळ्यात विहीर दोन फुटांवर येते तेव्हा आता तळ्यात ३ फूट पाणी पुरतं, जुन्या तळ्याला ८ फूट लागलं असतं. म्हणून तळातलं ३ फूट, सुमारे ५० हजार लिटर, आमच्या हिशोबात धरतच नाही. त्यासाठी बांधाच्या आतल्या अंगाला आणि विहिरीच्या कडेला एकाच पातळीच्या पांढऱ्या रेघा मारल्यात. मी फ्लोट सेन्सर आणि मोबाईलवर अलर्ट बसवतो म्हणालो होतो. आई म्हणाली, "आन् त्याची डीपी जळाल्यावर?"

२०२३ च्या पावसाने दगा दिला. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट निघाला, ऑक्टोबरमध्ये सरकारने राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. आम्ही विहिरीला आणि आवर्तनाला जे काही आलं त्यावर रात्री-अपरात्री मोटर चालवून डिसेंबरपर्यंत तळं काठोकाठ केलं. २०२४ च्या एप्रिलच्या मध्यापासून ते लिंबांना सोडलं. ७३ दिवस कुठले! उन्हाळ्यात उघड्या पाण्याची पातळी बाष्पाने रोज सेंटिमीटरभर उतरते, आणि २२५ चौरस मीटरवर एक सेंटिमीटर म्हणजे सव्वादोन हजार लिटर. एक्सेलमध्ये तेही नव्हतं. पाच आठवडे मिळाले. पाच आठवडे टँकर आला नाही. झाडं तोडायला बघून ठेवलेला माणूस त्या मे महिन्यात तोडणीला आला, पण लिंबांच्या.

मग २०२५ चा मे. आठवत असेल तुम्हाला. रेनकोट माळ्यावर, आणि मेच्या मध्यापासून धोधो पाऊस. २६ मेला मान्सून मुंबईत येऊन बसलासुद्धा. आमचं तळं तेव्हा उन्हाळाभर वापरून तळाला गेलेलं, विहिरीत पाणी नाही म्हणून आम्हीही रेघेखाली बिनधास्त वापरलेलं, जेमतेम फूटभर पाणी. म्हणजे २०२२ च्या जुलैसारखीच परिस्थिती, दोन महिने आधी. मी पुण्यात, गुडघाभर पाण्यातून कंपनीत पोचलेलो, स्टँडअप चालू, आणि फोन थरथरला. अण्णा स्वतःहून फोन करत नाहीत. मी मीटिंग सोडून बाहेर आलो.

"इहीर चार हात चढली राती," अण्णा म्हणाले. "पायपातून बदाबदा येतंय आत."

"आणि कागद?"

"कागदाला काय धाड भरली? मी पहाटंच मोटर चालू केलीय. रेघेच्या वर आलं पानी."

"वीज आहे?"

"हाय आत्ता तरी. न्हाय ऱ्हायली तर तात्याचं डिझेल इंजिन आनून ठिवलंय बांधावर." मग जरा थांबून, "तुझी आई दोर बघून आली सगळे. एक कुजलाय. येताना नवा आन, नायलॉनचा. वीस मीटर."